भाचीला सड्यावर पाठवावं की लॅबमध्ये? संशोधनात असलेल्यांनी सांगा

अंगणवेल
माझी भाची यंदा कोल्हापुरातून बॉटनीत एमएस्सी झाली. दोन ठिकाणी प्रोजेक्टवर घ्यायला तयार आहेत. एक काम रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरच्या वनस्पतींच्या नोंदींचं, म्हणजे भर पावसात कातळावर फिरायचं. दुसरं पुण्यात, वनस्पतींच्या डीएनएवर. पैसे जवळपास सारखेच.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, पुणं हवंय. का, तर "चार भिंतींत तरी असेल". भावोजी म्हणतात दोन्ही सोड, बीएड कर. पोरीचा जीव सड्यावर आहे, पण एकटीने खेड्यात राहायची धास्तीही आहे. दोघांमधली मध्यस्थ मी, आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तर प्रश्न असा की ही माणसं दिवसभर करतात काय? आपल्याला बातमी दिसते: लोणार गुलाबी झालं, अमुक नवं फूल सापडलं. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. ताईला वाचून दाखवणार आहे, तेव्हा भाषा जरा बेतानं.

टवाळपक्षी
पहिला नंबर माझा! बीएडच्या बाजूने कुणी आहे का, की भावोजी एकटेच?

(जागा धरून ठेवलीय. पॉपकॉर्न आणायला चाललो.)

कातळवाट
मी हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. मे महिन्यात तिथे काळा ठिक्कर दगड आणि वाळकं गवत याखेरीज काही दिसत नाही. पाऊस पडला की दोन-चार बोटं मातीत, खळग्यांत, डबक्यांच्या काठाला सगळं एकदम उगवतं आणि दोन-तीन महिन्यांत आवरतंही. त्यामुळे आम्हाला पावसातच जावं लागतं. हौस म्हणून नव्हे.

सकाळी चहा-पोहे झाले की निघायचं. ठरलेल्या जागी दोरीने किंवा पीव्हीसी पाइपने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन टाकायचा. त्यात काय काय आहे, किती आहे, पाणी किती खोल, माती किती, सगळं लिहायचं. मग ठरलेल्या अंतरावर पुढचा चौकोन. उकिडवं बसून, पाठीवर पाऊस घेत. "काय सुंदर फुलं!" असं पहिल्या चौकोनाला होतं. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात.

लोकांना वाटतं फिरून आलं की दिवस संपला. अहो, तिथे तर सुरू होतो. आणलेलं झाड रद्दीच्या कागदात पसरवून दाबायचं. पान उलटं-सुलटं दोन्ही दिसलं पाहिजे, मूळ धुतलेलं पाहिजे. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहायचा, कारण वाळल्यावर निळं असो की जांभळं, सगळं तपकिरी होतं. पावसाळ्यात हवाच ओली, म्हणून कागद रोज बदलायचे. एक दिवस टाळाटाळ केली की बुरशी. ओले कागद गावातल्या घरी चुलीवरच्या माळ्यात वाळत घालायचे आणि घरच्या काकूंची बोलणी खायची. रद्दी विकत घेणारी माणसं म्हणून गावात आमची ओळख आहे.

आणि मग ओळख पटवणं. सड्यावर गेंद भरपूर, पांढऱ्या बटणासारखी डोकी असतात ती. लांबून सगळे सारखे. एकेका डोक्यात ढिगाने फुलं, प्रत्येक फूल मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं. सुईने उकलून सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्यांवरची लव, ग्रंथी, बियांवरची नक्षी बघायची, तेव्हा कुठे प्रजाती सांगता येते. २०२१ च्या सुरुवातीला पुण्याच्या आघारकर संस्थेने गेंदाच्या दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या, त्यातली एक आपल्या सिंधुदुर्गातली, दुसरी कर्नाटकात कुमठ्याची. बातमी चार ओळींची होती. त्यामागे असे किती तास मान मोडून बसणं असेल, ते मला बातमी वाचतानाच जाणवलं.

पिपेटपुराण
«चार भिंतींत तरी असेल» हे वाचून हसू आलं. ताईंना सांगा, भिंती चार असल्या तरी पोरगी घरी कधी येईल याची खात्री तिथेही नाही.

पानातून डीएनए काढायचा म्हणजे द्रव नायट्रोजन ओतून खलात पानाची पूड करायची, ती बफरमध्ये ६० अंशांना ठेवायची, मग क्लोरोफॉर्म, मग गरागरा फिरवायची, वरचा थर तेवढा अलगद उचलायचा. खालच्याला टोक लागलं तर परत. चिकट रसाच्या झाडांत डीएनए येतो तो शेंबडासारखा. बेतानं लिहायला सांगितलंय, पण याला दुसरा शब्द नाही. त्यात पॉलिफिनॉल असले की रंग तपकिरी, आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ढिगाने प्रती काढणं, चालतच नाही.

पीसीआरमध्ये एक नळी मुद्दाम रिकामी ठेवतात, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी. त्या नळीत काही दिसता कामा नये. दिसलं, म्हणजे कुठेतरी भेसळ झाली. मग पाणी बदला, प्रायमर बदला, पिपेट पुसा, टेबल पुसा, एकेक गोष्ट वगळत गुन्हेगार शोधा. या शोधात आठवडे जातात आणि त्याचा पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, एका शब्दानेही उल्लेख नसतो.

शिवाय वीज. उणे ८० चा फ्रीजर आहे, त्यात कुणाची तरी पाच वर्षांची मेहनत आहे, आणि रविवारी दुपारी लाइट जाते. जनरेटर लागला का हे बघायला लुंगीवर धावत आलेले प्राध्यापक मी पाहिलेत.

टवाळपक्षी
लुंगीवर पिपेट की पिपेटवर लुंगी?

शंकासुर
सगळे भारावून लिहिताहेत, म्हणून जरा उलट विचारतो. गेंदाची एक प्रजाती जास्त मोजली तर कुणाच्या आयुष्यात काय फरक पडतो? पैसा करदात्यांचा. रुग्णालयात खाटा नाहीत आणि आपण एक मिलिमीटरच्या फुलावरची लव मोजतोय. आणि हो, कोकणातल्या गुराख्याला ते फूल आधीपासून माहीतच असतं. साहेब येतात, लॅटिन नाव देतात, शोध साहेबांचा.

दर्यावर्दी
शंकासुरांना उत्तर देणारे देतील, मी आपलं समुद्राचं सांगतो. तिसरा पर्याय असावा म्हणून.

गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या मोहिमांवर काही काळ होतो. जहाज ठरलेल्या जागी थांबतं, त्याला स्टेशन म्हणतात, आणि ते पहाटे तीनलाही येतं. बाटल्यांचं कडं तारेला बांधून खाली सोडतात, वर येताना वेगवेगळ्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. कडं डेकवर आलं की सगळे आपापल्या नळ्या घेऊन रांगेत. रांगेतही मान असतो: विरघळलेल्या प्राणवायूवाला पहिला. कारण हवा लागली की त्याचं माप बिघडलं.

बाटली तळापासून भरायची, बुडबुडा एकही नको. लगेच मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइड घातलेला अल्कली, आणि झाकण. पृष्ठभागाच्या पाण्यात झटकन तपकिरी साका बसतो. बाटल्या ओळीने लावल्या की खोलीबरोबर तो रंग फिकट होत जाताना दिसतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नसतोच, तिथल्या बाटलीतला साका पांढराच राहतो. यंत्रं हल्ली आकडा थेट देतात, पण यंत्राचा आकडा तपासायला ही १८८८ सालची विंक्लरची पद्धत अजून वापरतात. पहिल्यांदा ती पांढरी बाटली हातात धरली तेव्हा उलटी होत असूनही मी ती पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून बघत होतो.

उलटीचं म्हणाल तर आल्याचा तुकडा, क्षितिजाकडे नजर, आणि रिकाम्या पोटी राहायचं नाही. 

अंगणवेल
बापरे. ताई म्हणते, "जहाजाचं तिला कुणी सांगू नका."

बुलढाणेकर
लोणारचा विषय निघालाय म्हणून. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा लॉकडाऊन होतं. गावात ज्याचा त्याचा सिद्धांत तयार होता: कुणी म्हणे कोप, कुणी म्हणे कुणीतरी काहीतरी टाकलं. शिकलेले लोक दुनालिएला नावाच्या शेवाळाचं नाव ठोकून देत होते, कारण इराणातल्या एका तळ्याच्या बातमीत ते वाचलेलं.

वनखात्याने नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला आणि पुण्याला आघारकरमध्ये पाठवले. प्रकरण नागपूर खंडपीठापुढे होतं, त्यामुळे उत्तर लेखी द्यायचं होतं. मला आवडलेली गोष्ट अशी की बाटलीतलं पाणी काही दिवस ठेवल्यावर गुलाबी भाग तळाला बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, कुठल्यातरी जिवांचा होता. तपासात निघाले हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाऊस नाही, उन्हाने पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला, त्यांना आयतं रान मिळालं. दुनालिएलावाले मग गप्प.

त्याच साली नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं.

कातळवाट
@शंकासुर, प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही ऐका.

महसुली कागदावर बरेचसे सडे "पोटखराब" किंवा "पडीक" म्हणून लागलेले आहेत. पडीक म्हटलं की सुरुंग लावून आंब्याचे खड्डे काढा, चिऱ्याच्या खाणी काढा, भराव टाका, कुणी विचारत नाही. "इथे अमुक झाड आहे आणि जगात इतरत्र फारसं नाही" असं लेखी दाखवता आलं, तरच कुणीतरी थांबून बघतं. आंबोलीचं बघा. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. मासा आधीही तिथेच होता, आणि लोकांनी तो पाहिलेलाही असणार. पण नाव नसलेल्या माशासाठी सरकारी आदेश निघत नाही.

गुराख्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. कुठल्या खळग्यात पाणी शेवटपर्यंत टिकतं, हे मला एका गुराख्यानेच दाखवलं. त्याचं नाव पेपराच्या शेवटी आभारात येतं, लेखकांत नाही. यावर आमच्यात वाद आहेत आणि ते मिटलेले नाहीत.

शंकासुर
आदेशाचा मुद्दा मान्य. आभारात नाव घालून हात झटकण्याचा मुद्दा माझ्याकडून अजून उघडा आहे. त्या गुराख्याला दिवसाची मजुरी तरी मिळते का?

कातळवाट
आम्ही देतो. सगळेच देतात असं म्हणणार नाही.

खोडदकर
आमच्या नारायणगाव-खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला या, म्हणजे सडा आणि लॅब हा वादच मिटेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरपर्यंत शेतांतून पसरलेल्या. शेजारी द्राक्षं, टोमॅटो. आत मोबाइल बंद, कारण तिथे जे ऐकायचंय त्यापुढे आपला फोन म्हणजे कानाशी लावलेला डीजे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना बघायला मिळतं, शाळांच्या गाड्यांची रांग लागते.

गंमत अशी की निरीक्षण ज्याचं, तो संशोधक बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो आधी अर्ज करतो, अर्ज मंजूर झाला तर तास मिळतात, आणि मग महिनोन्‌महिने पुण्यात किंवा परदेशात संगणकासमोर बसून त्या आकड्यांतून माणसांचा गोंगाट निवडत बसतो. टीव्ही, वायरलेस, विजेच्या तारांवरची ठिणगी. आई तांदूळ निवडते तेवढ्या चिकाटीने.

खडकातला
भूगर्भवाल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून येतो. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, ६.३ तीव्रतेचा, आणि तिथे अजूनही लहान धक्के बसतात. ते होतात तिथे जाऊनच बघू, म्हणून आधी दीडेक किलोमीटरची छिद्रं पाडली आणि मग तीन किलोमीटरचं एक. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे.

विद्यार्थी असताना तिथले कोअर बघायला मिळाले. पेट्यांत ओळीने लावलेले दगडाचे दांडके. प्रत्येकावर बाण आणि खोली, कारण वर-खाली उलटं झालं तर तो नुसता धोंडा. काळा बसाल्ट, काळा बसाल्ट, मध्येच लाल मातीचा पट्टा, परत काळा, असं सुमारे सव्वा किलोमीटर. आणि मग एकदम ग्रॅनाइट. लाव्हा येण्याआधीचा महाराष्ट्र हाताला लागतो तो तिथे. मला तर त्यावरून बोट फिरवताना बोलायचंच सुचेना, आणि आमचे सर मागून ओरडत होते, "हात लावू नका!"

टवाळपक्षी
धागा सड्यावरून निघाला, समुद्रात बुडाला, आकाशात गेला आणि आता जमिनीखाली तीन किलोमीटर पोचला. भाची अजून कोल्हापुरातच.

रानजाई
अंगणवेल, बाकी सगळे शास्त्र सांगताहेत. तुमच्या ताईंना जे खरं विचारायचंय ते मी सांगते. मी बेडकांवर काम केलंय, म्हणजे रात्रीचं. मुलगीच आहे, आणि धडधाकट परत आले आहे.

राहायचं गावातल्या कुटुंबात, लॉजवर नाही. आल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि वनरक्षकाला भेटायचं, परवानगीच्या कागदाची प्रत खिशात प्लास्टिकमध्ये. राखीव जंगलात परवानगीशिवाय पाऊलही नाही. एकटीने रात्री जायचं नाही, कितीही ओळखीची वाट असो. हे भित्रेपण नाही, कामाचा नियम आहे, पुरुषांनाही लागू.

सड्यावर आडोसा नसतो. लघवीला जायचं कुठे हा प्रश्न मुली एकमेकींना विचारतात, गाइड सरांना कुणी विचारत नाही, आणि मग पाणीच कमी पितात. ते करू नका. दोघी असाल तर छत्री आणि ओढणी पुरते. पाळीच्या दिवसांत लॅबचं काम मागून घ्यायला लाजू नका. चांगले मार्गदर्शक समजून घेतात. जे घेत नाहीत, त्यांच्याकडे जायच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना फोन करा. प्रोजेक्ट निवडण्याआधी करायचं खरं संशोधन हेच.

आणि गावातल्या आज्या रोज विचारतील, "लगीन झालं का?" उत्तर काहीही द्या, भाकरी मिळतेच.

पिपेटपुराण
रानजाईंच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. फोनचं तर सोन्याहून पिवळं. लॅबमध्येही तेच.

पैशांचंही ताईंना सांगून ठेवा. जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याला मिळणारी महिन्याची शिष्यवृत्ती, २०२३ पासून ३७,००० आहे, कागदावर. हातात कधी पडेल ते वेगळं. माझ्या एका ठिकाणी सहा-सहा महिन्यांचे एकदम आले, तोवर मेसवाल्याने सांभाळलं. सुरुवातीचे काही महिने घरून आधार लागेल असं धरून चाला.

जळूसम्राट
जळवांबद्दल कुणीच बोललं नाही! मीठ की तंबाखू?

रानजाई
गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, त्यावर तंबाखूचं पाणी. लागलीच तर ओढू नका, नख आडवं सरकवून सोडवा. बेडूक हाताळणार असाल तर मात्र हाताला तंबाखूही नको आणि मीठही नको, त्यांची त्वचा सगळं शोषते.

बुलढाणेकर
आमच्याकडे जळवाच नाहीत. विदर्भात या.

टवाळपक्षी
त्यांनाही तिथला उन्हाळा सोसत नसणार.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईला आणि भावोजींना बसवून पूर्ण वाचून दाखवलं (शेंबूड गाळून). ताईने रानजाईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. भावोजी बोलले काही नाहीत, पण कोयनेच्या दगडाशी आल्यावर चष्मा लावून फोन हातात घेतला. ते मूळचे पाटणचे. भूकंपाच्या रात्री सगळं घर अंगणात झोपलं होतं ते सांगत बसले, बीएड राहिलं बाजूला.

भाचीने त्या सड्यावाल्या प्रोजेक्टमधल्या आधीच्या मुलीचा नंबर मिळवला आणि तासभर बोलली. आता तिचा प्रश्न असा: सडा घेतला तर डीएनएचं दार बंद होतं का? तिला दोन्ही हवंय म्हणे.

पिपेटपुराण
उलट, असं माणूस आम्ही शोधत असतो. प्रत्येक झाडाचं कोवळं, स्वच्छ पान तोडून सिलिका जेलच्या पुडीत ठेवायला सांगा. निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. पान एका दिवसात कडकडीत वाळलं पाहिजे, तर पुढे डीएनए नीट निघतो. पुडीवरचा नंबर आणि दाबलेल्या झाडाचा नंबर एकच हवा. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत निम्मी भांडणं या नंबरांवरून असतात. डीएनए सुंदर, पण झाड कुठलं ते कुणी सांगू शकत नाही.

कातळवाट
आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिही म्हणावं. पेनाने नाही, मार्करने तर नाहीच. फुलं अल्कोहोलमध्ये ठेवतो त्या बाटलीत पेनाची शाई विरघळते आणि चिठ्ठी कोरी होते. पेन्सिल राहते. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, बाहेरचं लेबल पावसात गळून जातं.

शंकासुर
त्या चिठ्ठीवर वाट दाखवणाऱ्याचं नावही लिहायला सांगा. पेन्सिलीनेच.

कातळवाट
तेवढी जागा असते चिठ्ठीवर. लिहील.

अंगणवेल
सांगते तिला. ती सड्यालाच हो म्हणतेय, पंधरा तारखेला रुजू व्हायचंय. बूट कुठले घ्यावेत? दुकानदार ट्रेकिंगचे साडेचार हजारांचे दाखवतोय.

कातळवाट
अजिबात नको. आत पाणी गेलं की दोन दिवस वाळत नाहीत. शेतकरी घालतात ते काळे गमबूट, आठवडी बाजारात मिळतात.

रानजाई
शेवाळलेल्या कातळावर गमबूट? तोंडावर पडेल. प्लास्टिकच्या पावसाळी चपला, मागे पट्टा असलेल्या.

कातळवाट
आणि फुरसं दिसलं की?

रानजाई
मुद्दा आहे. दिवसा चपला, रात्री गमबूट.

जळूसम्राट
आणि मोजे!